नातेवाइकांकडचे चार राऊटर ओपनडब्ल्यूआरटी १९.०७ वर अडकलेत, लांबून अपग्रेड करू की नाद सोडू?

रात्री_जागणारा

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी बसून हात शिवशिवत होते तेव्हा ओपनडब्ल्यूआरटीच्या (राऊटरमध्ये कंपनीच्या फर्मवेअरच्या, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरच्या, जागी टाकायचं लिनक्सवरचं मोफत फर्मवेअर) नादाला लागलो. स्वतःच्या घरापुरतं ठेवलं असतं तर बरं, पण त्या दिवाळीत जिथे जिथे फराळाला गेलो तिथे तिथे राऊटर फ्लॅश करून, म्हणजे त्यात ते टाकून, आलो. कराडला आईबाबांकडे टीपी-लिंकचा आर्चर सी७ व्ही२, ठाण्याला ताईकडे पण तोच, मिरजेला काकांकडे नेटगिअर आर६२२०, आणि चिपळूणला मावशीकडे माझाच जुना टीएल-डब्ल्यूआर८४१एन. सगळ्यांवर १९.०७.४. एसक्यूएम (एकाने लाइन भरली तरी बाकीच्यांचं अडू नये म्हणून रांग लावणारी सोय) लावल्यावर ताईची झूम मीटिंग चालू असताना भाच्याने गेम डाउनलोडला लावला तरी आवाज तुटेना, ॲडब्लॉकमुळे काकांच्या फोनवरच्या निम्म्या जाहिराती गेल्या, त्या दिवाळीत मीच हिरो.

आता पाच वर्षं झाली. माझा स्वतःचा २४.१० वर आहे पण हे चार जिथे होते तिथेच. १९.०७ चं शेवटचं रिलीज २०२२ च्या एप्रिलमध्ये आलं, त्यानंतर त्यात काहीच दुरुस्ती नाही. त्यात माझे तर .४ वर, म्हणजे जानेवारी २०२१ मधलं डीएनएसमास्कचं (राऊटरमधला साइटच्या नावांचे पत्ते शोधणारा प्रोग्राम) ते डीएनएसपूक प्रकरण आणि मे २०२१ मधलं वायफायचं फ्रॅगअटॅक्स, या दोन्ही सुरक्षेच्या भोकांचे फिक्स १९.०७ मध्येच आले होते तेही या चौघांवर नाहीत. हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली मग तेव्हा कशाला हात लावलास.

या गणपतीत कराडला गेलो होतो, म्हटलं एक तरी उरकून टाकू. सेटिंग ठेवून नवीन इमेज (फर्मवेअरची फाइल) टाकायला गेलो तर म्हणे ही इमेज या डिव्हाइससाठी नाही. मी फोर्सवर टिक केलं (हो, मला माहितीये, बोला). राऊटर चालू झाला, दिवे लागले, वायफाय गायब. एकदम गायब. संध्याकाळची आरती, घरात पंधरा माणसं, भावजींना मॅच बघायचीय, आणि मी देव्हाऱ्याशेजारी जमिनीवर लॅपटॉप अन् केबल घेऊन बसलोय. दोन तासांनी रिसेट मारून सगळं हाताने परत भरलं तेव्हा चालू झालं.

मी तिथे होतो म्हणून निभावलं. बाकी तीन ठिकाणी लवकर जाणं होणार नाही, ताईचं ठाणं जवळ असूनही. तर प्रश्न असे: लांबून अपग्रेड करायची हिंमत करावी का? वायफाय का गेलं होतं? आणि फोनसारखं हे आपोआप अपडेट का होत नाही, इतकी हुशार माणसं आहेत त्या प्रोजेक्टमध्ये.

---

सोल्डरची_वाफ

वायफायचं सांगतो. तुझा सी७ १९.०७ ला एआर७१एक्सएक्स नावाच्या जुन्या टार्गेटवर (एका जातीच्या चिपांसाठीचा बिल्डचा गट) होता. २१.०२ मध्ये ते टार्गेट काढून टाकलं, त्याच चिपांसाठी एटीएच७९ आलं. राऊटर तोच, चिप तीच, पण रेडिओचा पत्ता, म्हणजे वायरलेसच्या फाइलमध्ये ती जी 'पाथ' ओळ असते ना, ती बदलली. तू जुनी फाइल ठेवलीस, ती जुन्या पत्त्यावर रेडिओ शोधत बसली. घर बदललंय पण पोस्टमन जुन्याच दारावर कडी वाजवतोय. इमेज नाही म्हणत होती ती उगाच नाही.

मिरजेच्या आर६२२० ला वेगळीच गंमत. त्यात मीडियाटेकची एमटी७६२१ चिप, त्याचं स्विच (लॅन पोर्ट जोडणारा भाग) २१.०२ पासून डीएसए नावाच्या नव्या पद्धतीवर गेलं. पूर्वी एकच स्विच आणि त्यात व्हीलॅन १, व्हीलॅन २ असा मामला होता, आता प्रत्येक पोर्ट वेगळं दिसतं. तिथे सेटिंग ठेवून अपग्रेड करायला गेलास तर तो तोंडावर सांगतो की डिव्हाइस बरोबर आहे पण कॉन्फिग जुळत नाही, सेटिंग न ठेवता करा. तिथे फोर्स मारलास तर काकांचं नेट गेलंच समज.

चिपळूणचा ८४१ विसर. ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅम. १९.०७ नंतर त्या साइझला अधिकृत बिल्डच नाही. दर रिलीजला कर्नल (लिनक्सचा गाभा) थोडा थोडा फुगतो, ४ एमबीत कर्नल आणि बाकी सगळं कोंबल्यावर तुझी सेटिंग लिहायला जागा उरत नाही. आणि पॅकेज काढून जागा होत नाही हेही लक्षात ठेव, मूळ इमेज स्क्वॅशएफएस नावाच्या फक्त वाचता येणाऱ्या फाइल सिस्टिममध्ये बंद असते, तू काढलेलं पॅकेज फक्त दिसेनासं होतं, जागा तशीच अडलेली.

---

सोल्डरची_वाफ

आपोआप अपडेट का नाही हे राहिलंच. जरा मनातलं बोलतो कारण मी एका राऊटरचा सपोर्ट स्वतः घालून पाठवलाय.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं फर्मवेअर म्हणजे एक वस्तू. आत बसलं की कळतं शेकडो मॉडेल, प्रत्येकाचं पार्टिशन वेगळं, मॅक ॲड्रेस वेगळ्या जागी लपवलेला, एलईडी उलटे. कंपनी जीपीएल लायसन्समुळे द्यावा लागणारा सोर्स देते तो कधीकाळच्या कर्नलचा गठ्ठा असतो, बऱ्याचदा तो बिल्डही होत नाही. मग झाकण उघडायचं, सिरियलच्या पिना शोधायच्या, ३.३ व्होल्टचा अडॅप्टर लावायचा (५ चा लावलात तर श्रद्धांजली), ११५२०० च्या वेगाने बूट लॉग वाचायचा, त्यावरून डिव्हाइस ट्री (कुठे कोणतं हार्डवेअर आहे याची कर्नलसाठीची यादी) लिहायची. हे मला साधारण तीन वीकेंड लागले. पॅच पाठवल्यावर रिव्ह्यूत चार फेऱ्या.

पण हा सोपा भाग होता. एकदा आत गेलं की ते तुमचं पोर झालं. ओपनडब्ल्यूआरटी नुसता लिनक्स घेत नाही, त्यावर स्वतःच्या पॅचांचा ढीग ठेवतो, फोल्डरांची नावंच बघा, बॅकपोर्ट, पेंडिंग, हॅक. ५.१५ वरून ६.६ ला जायचं म्हणजे तो ढीग एकेक करून नवीन कर्नलवर बसवायचा, जे बसत नाहीत ते परत लिहायचे, आणि मग कोणीतरी प्रत्येक टार्गेटवर खरंच चालवून बघायचं. 'बिल्ड झालं' आणि 'चाललं' यात एक अख्खं सांगली-पुणे अंतर आहे. ज्या टार्गेटला चालवून बघणारं कोणी उरत नाही ते हळूच कडेला पडतं. माझ्याकडचा तो राऊटर दोन वर्षांपूर्वी विजेच्या कडकडाटात गेला, आता त्या मॉडेलवर कोणी बग टाकला की मी फक्त वाचतो, तपासणार कशावर?

अशात सगळ्यांना आपोआप ढकललं आणि हजारातल्या वीस जणांचा राऊटर मेला तर त्या वीस जणांकडे ते विचारायलाही नेट नसतं.

---

निवृत्त_लाइनमन

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. चाळीस वर्षं लोकांच्या घरी वायरी ओढल्या. एक नियम शिकलो, आपण जे बसवतो ते आपल्यामागे दुसऱ्या माणसाला उघडता आलं पाहिजे. उद्या तुमच्या काकांचं नेट बंद पडलं तर केबलवाल्याचा पोरगा येणार, १९२.१६८.१.१ उघडणार, समोर काहीतरी भलतंच बघून म्हणणार 'काका हा राऊटर हॅक झालाय, नवीन घ्या', दोन हजार घेणार.

कंपनीचं फर्मवेअर परत टाका आणि मोकळे व्हा. किंवा नवीन घेऊन द्या ज्यात आपोआप अपडेट आहे.

---

सोल्डरची_वाफ

लाइनमन काका, उघडता आलं पाहिजे हे शंभर टक्के पटलं. पण कंपनीचं परत टाकून सुटका कशी होईल? तो सी७ व्ही२ दहा वर्षांहून जुना. अशा जुन्या मॉडेलांना कंपन्या नवीन फर्मवेअर काढत नाहीत, त्यामुळे १९.०७ पेक्षाही जुना माल परत बसेल. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा मालवेअर आला होता आठवतंय? ५४ देशांत पाच लाखांच्या आसपास राऊटर आणि नॅस (नेटवर्कवरचे स्टोरेजचे डबे) त्याला बळी पडले होते, त्यातले बरेचसे घराघरातले, कंपनीच्या फर्मवेअरवरचेच. नवीन घेऊन द्या याला मात्र माझा विरोध नाही.

---

वेस्टफालियाची_वहिनी

नमस्कार, मी जर्मनीत असते, इथल्या फ्रायफुंकच्या एका गटात थोडी हमाली करते. फ्रायफुंक म्हणजे लोकांनी आपापल्या घरा-दुकानात राऊटर लावून फुकट वायफाय वाटायचं. त्यासाठी ग्लुऑन नावाचं फर्मवेअर वापरतात, ते ओपनडब्ल्यूआरटीवरच उभं आहे आणि त्यात आपोआप अपडेट आहे! म्हणून बोलावंसं वाटलं.

तिथे ते कसं जमतं बघा. एक, फर्मवेअरवर एकाची सही चालत नाही, गट ठरवतो तितक्या जणांच्या सह्या झाल्याशिवाय राऊटर ते घेतच नाही. दोन, सगळे एकाच रात्री अपडेट होत नाहीत, बिल्ड किती दिवसांत पसरवायचं ते ठरवलेलं असतं आणि प्रत्येक राऊटर मनातल्या मनात नाणं उडवतो, आज की उद्या. पहिल्या दिवशी थोडे बंद पडलेले दिसले तर बाकीच्यांना थांबवता येतं. तीन, आणि हे महत्त्वाचं, सगळ्यांची सेटिंग जवळपास एकसारखी. इथे घराघरात वेगळं काही नाही. तुमच्या चार नातेवाइकांकडे चार तऱ्हा असतील, कोणाकडे पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन जोडणारं), कोणाकडे नुसता ओएनटीमागे (फायबरचा डबा) डीएचसीपी (पत्ता आपोआप मिळणारं). तिथेच गाडं अडतं.

आणि तो ८४१! इथे एकेकाळी त्याच्याशिवाय पान हलत नव्हतं, स्वस्त म्हणून लोकांनी खोक्याने घेतलेले. तेही ४/३२ च्या भिंतीला धडकले आणि शेवटी काढावे लागले. एका आजोबांनी बेकरीत लावलेला बदलायला मी गेले तर ते म्हणे चालतोय ना, मग का? त्यांना कर्नल काय समजावणार, केक खाऊन आले आणि पुढच्या आठवड्यात परत गेले.

---

फाइल_फोल्डर

सगळ्यांनी छान छान सांगितलं पण त्या पोराला करायचं काय ते कोणी सांगितलं नाही 😄

भाऊ, सेटिंग ठेवायचा हट्टच सोड. इमेजबिल्डर (आपली इमेज स्वतः बनवायचं ओपनडब्ल्यूआरटीचं टूल) उतरवून घे, त्यात फाइल्स नावाचा फोल्डर देता येतो, त्यात यूसीआय-डिफॉल्ट्सची एक स्क्रिप्ट टाक. पहिल्यांदा बूट झाल्यावर ती एकदाच चालते. तिच्यात पीपीपीओईचं नाव-पासवर्ड, वायफायचं नाव जे आधी होतं तेच अक्षरशः तेच (नाहीतर टीव्ही, स्मार्ट बल्ब सगळ्यांना परत जोडत बसावं लागतं आणि फोन तुलाच येणार), आणि वायरगार्ड (लांबून आत जायचा व्हीपीएन). मग सेटिंग न ठेवता सिसअपग्रेड (अपग्रेडची कमांड). राऊटर उठतो तोच तयार होऊन उठतो. सीजीनॅटच्या (नेट कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटते ते) मागे असले तरी वायरगार्ड आतून बाहेर येतं, कीपअलाइव्ह २५ ठेव.

ओपनडब्ल्यूआरटीच्या फर्मवेअर सिलेक्टरच्या पानावर पण अशी स्क्रिप्ट टाकायची चौकट आहे, सोपं आहे, पण ती स्क्रिप्ट त्यांच्या बिल्ड सर्व्हरवर जाते हे लक्षात घे, पासवर्ड असतील तर घरीच बनव. त्याच सर्व्हरात डिसेंबर २०२४ ला एक भोक सापडलं होतं, हॅश (बिल्डच्या मागणीची ओळख पटवणारा ठसा) पूर्ण न ठेवता १२ अक्षरांवर कापत होते. कळवल्यावर काही तासांत बुजवलं ते खरं, पण म्हणून पासवर्ड तिथे नकोच.

पॅकेजचं विसरू नको. सिसअपग्रेड तू वरून टाकलेली पॅकेजं ठेवत नाही. लोक सेटिंग ठेवून अपग्रेड करतात, वायरगार्डची सेटिंग राहते आणि वायरगार्डच नसतं, मग लांबून आत जायचा रस्ता बंद. म्हणून पॅकेजं इमेजमध्येच.

आधी जुन्या राऊटरचा बॅकअप काढ, ल्युसीत (ओपनडब्ल्यूआरटीचं सेटिंगचं वेब पान) एमटीडीब्लॉक, म्हणजे फ्लॅशचे भाग, सेव्ह करायची सोय आहे, त्यातलं एआरटी पार्टिशन (नेटगिअरवर ते फॅक्टरी नावाने असेल) जिवापाड जप. रेडिओचं कॅलिब्रेशन त्यात असतं, प्रत्येक पीसचं वेगळं, ते पुसलं गेलं तर दुसऱ्याचं आणून काम भागत नाही.

आणि कराडवाला सी७ आता रिकामा असेल तर तोच रिहर्सलला वापर. ठाण्याची इमेज आधी त्यावर टाकून बघ. तेच मॉडेल, तेच व्हर्जन पाहिजे, व्ही२ म्हणजे व्ही२.

---

रात्री_जागणारा

> पीपीपीओईचं नाव-पासवर्ड

इथेच गोची. ताईकडे पासवर्ड कोणालाच माहीत नाही, ज्या पोराने कनेक्शन दिलं तो नोकरी सोडून गेला. ऑफिसला फोन केला तर म्हणतात रिसेट करून देऊ पण माणूस पाठवावा लागेल.

---

फाइल_फोल्डर

अरे राऊटरलाच विचार ना. नेटवर्कच्या कॉन्फिग फाइलमध्ये पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, साध्या अक्षरात. (म्हणूनच त्या बॅकअपची फाइल व्हॉट्सॲपवर फॅमिली ग्रुपला टाकू नको, एकाने टाकलेली मी पाहिलीये.)

---

निवृत्त_लाइनमन

फ्लॅश करताना लाइट गेली तर? ठाण्यात ठीक, मिरजेत दुपारी दोनला काही भरवसा नाही. राऊटरची वीट झाली तर तिच्यावर उभा राहायला विठोबा पण यायचा नाही.

---

सोल्डरची_वाफ

हाहा. बरोबर आहे, इन्व्हर्टरवर किंवा त्या छोट्या १२ व्होल्टच्या राऊटर यूपीएसवर घेऊनच करायचं. तरी मेलाच तर दोघांनाही वाचवायचा मार्ग आहे. सी७ ला लॅपटॉपवर टीएफटीपी (फाइल पाठवायची साधी पद्धत) सर्व्हर, आयपी १९२.१६८.०.६६, रिसेट दाबून धरून चालू करायचा, तो स्वतःच फाइल मागतो. नेटगिअरसाठी एनएमआरपीफ्लॅश नावाचं छोटं टूल आहे. पण दोन्हीला तिथे एक माणूस, एक केबल आणि लॅन पोर्टवाला लॅपटॉप लागतो, हल्ली लॅपटॉपला पोर्टच नसतं. म्हणून माझा साधा नियम, ज्या घरात फोनवर सांगितलेलं ऐकून केबल काढून लावणारं एक माणूस आहे तिथेच लांबून हात लावायचा. ताईकडे भाचा आहे, झालं. काकांकडे कोण?

आणि पुढे घेताना मॉडेल विचार करून घ्या. मी मीडियाटेकचं बघतो, एमटी७६ ड्रायव्हर उघडा आहे आणि सांभाळणारी माणसं जागी आहेत. ब्रॉडकॉमचं वायफाय असेल तर दोन हात लांब. खोक्यावर 'ओपन सोर्स' लिहिलंय यालाही भुलू नका. लिंक्सिसची डब्ल्यूआरटी३२००एसीएमची मालिका त्यासाठीच प्रसिद्ध होती, पण आत मार्व्हेलची चिप, २०१९ मध्ये मार्व्हेलने वायफायचा धंदाच एनएक्सपीला विकला, आणि त्या चिपचा एमडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हर अनाथ झाला. डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षेचं रडगाणं आजही चालू आहे. हार्डवेअर दणकट, नुसतं पडून.

---

वेस्टफालियाची_वहिनी

ओपनडब्ल्यूआरटी वन हा राऊटर पण बघा ना, २०२४ च्या शेवटी प्रोजेक्टनेच काढलाय, बनाना पायने बनवलेला. १ जीबी रॅम, आणि मुख्य फ्लॅशशिवाय एक वेगळी छोटी नॉर फ्लॅश आहे, मुख्य बाजू मेली तर एक बटण फिरवून तिच्यावरून उठतो. भारतात मागवायला कस्टम वगैरे धरून महाग पडेल बहुतेक.

---

रात्री_जागणारा

अपडेट देतो, दोन आठवडे गेले.

कराडच्या सी७ वर रिहर्सल केली (आईबाबांना नवीन एमटी७६२१ वाला दिला, तसंही त्यांचा प्लॅन २०० एमबीपीएसचा झाला होता आणि सी७ चा ७२० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर एसक्यूएम लावला की दीडशेच्या आसपास धापा टाकायचा). पहिल्या वेळी माझ्या स्क्रिप्टमध्ये एक अवतरणचिन्ह राहिलेलं, वायफाय आलं पण पीपीपीओई नाही. हेच ठाण्यात झालं असतं तर! दुसऱ्या वेळी सगळं उठलं.

मग रविवारी सकाळी ताईचा राऊटर. भाचा फोनवर, मी पुण्यात. बटण दाबल्यावर चार मिनिटं काहीच नाही, तो म्हणतो मामा दिवा नुसता लुकलुकतोय, ताई मागून म्हणतेय मी सांगत होते याला हात लावू देऊ नका. पाचव्या मिनिटाला वायरगार्डचा हँडशेक दिसला. मी खुर्चीतच ओरडलो.

मिरज दिवाळीला, स्वतः जाऊन. काकांकडे केबल ओळखणारं कोणी नाही, काकू म्हणते निळी का पांढरी. चिपळूणला मावशीला नवीन राऊटर पाठवून दिला, कंपनीच्याच फर्मवेअरवर, आपोआप अपडेट चालू करून. लाइनमन काका, तुमचं तेवढं ऐकलं. प्रत्येक राऊटरच्या बुडाला एक चिठ्ठी पण चिकटवली, यावर काय आहे, पासवर्ड कुठे आहे, कोणाला फोन करायचा.

---

निवृत्त_लाइनमन

चिठ्ठीवर सेलोटेप मारा, राऊटर गरम होतो, शाई उडते.

---

नवीन_आलोय_१२३

सगळं वाचलं भारी माहिती. माझ्याकडे पण आर्चर आहे पण सी६, मी आत्ता सी७ ची फाइल उतरवलीये, चालेल ना? एकच कंपनी आहे.

---

फाइल_फोल्डर

थांब!! काहीही दाबू नको. राऊटर उलटा कर, स्टिकरवर मॉडेलच्या शेजारी व्हर्जन लिहिलेलं असतं, फोटो काढ आणि नवीन धागा काढ. सी६ चं व्ही२ आणि व्ही३ यांच्यात चिपसुद्धा एका कंपनीची नाही.